वजा एक दिवस

"तुम्ही फक्त दोन तारखा सांगा. मधले कामाचे दिवस किती, ते मी सांगतो. चुकलो तर मिशी उतरवीन," असं त्याने भर कचेरीत, तिथल्या प्रमुख मोठ्या बाईंच्या देखत ठणकावून सांगितलं, तेव्हा त्याला मुळात मिशीच नव्हती. पण बोलण्याला जोर असा होता की ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नाही.

कचेरीत त्याला 'बिनचूक' म्हणत. म्हणणाऱ्यांत निम्मे कौतुकाने म्हणत आणि निम्मे चेष्टेने. तो मात्र दोन्ही निम्मे कौतुकातच जमा करी. बोलताना दर तिसऱ्या वाक्याला हा शब्द त्याच्याच तोंडून निघे, त्यामुळे नाव ठेवायला कोणाला फारसे कष्ट पडले नव्हते.

कचेरी कुटुंबनोंदणीची होती. लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकलेलं एक लाकडी बाक आणि तीन खिडक्या. पहिल्या खिडकीवर जन्म, दुसरीवर लग्न, आणि तिसरीवर ज्यांचं दुसऱ्या खिडकीवरचं काम फसलं होतं त्यांचे अर्ज. तिसरी खिडकी बिनचूकची. नियम असा होता की नवराबायकोने मिळून विभक्त होण्याचा अर्ज केला, की त्यानंतर साठ कामाचे दिवस जाऊ द्यायचे. तेवढ्यात डोकी थंड झाली तर ठीक, नाहीतर मोठ्या बाई दोघांना समोर बसवून शेवटचं विचारणार आणि सही करणार. कामाचेच दिवस का, असं कोणी विचारलं तर मोठ्या बाई म्हणत, "सुट्टीचे दिवस धरून कसं चालेल? सुट्टीच्या दिवशी दिवसभर घरात एकत्र बसावं लागतं. त्या दिवशी कोणालाही विभक्त व्हावंसं वाटतं."

इतकी वर्षं हे दिवस मोठ्या बाई स्वतः मोजत आल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीचं उलटं टोक ठेवून, ओठ हलवत. मधे फोन वाजला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बिनचूकला हे बघवत नसे. त्याने सगळे अर्ज डेटाबेसमध्ये घातले, सुट्ट्यांचा वेगळा तक्ता केला, आणि संगणकाला शिकवलं, की दोन तारखांमधले एकूण दिवस घे, त्यातून रविवार काढ, तक्त्यातल्या सुट्ट्या काढ, उरतील ते कामाचे दिवस. कचेरीच्या सहा शाखा होत्या. त्या सगळ्यांना त्याने कडक भाषेत कळवलं, की सुट्ट्या तातडीने तक्त्यात भराव्यात, हयगय चालणार नाही. वर आणखी एक सोय केली. दर सोमवारी सकाळी नवरा आणि बायको, दोघांच्या फोनवर आपोआप संदेश जाणार: 'आपले पूर्ण झालेले कामाचे दिवस इतके.'

पहिले दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मोठ्या बाईंनी दोन अर्ज गुपचूप कॅलेंडरवर मोजून पाहिले. आकडे जुळले. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्या दिवशी बिनचूक जेवणाच्या सुट्टीत डबा असा उघडत होता, की जणू आत सत्काराची शाल आहे.

आता त्या दोन महिन्यांत रविवार सोडून एकही सुट्टी आली नव्हती, ही एवढीशी गोष्ट कोणाला सुचली नाही.

मग एका सोमवारी तिसऱ्या खिडकीवर एक बाई आल्या. एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायला घेण्याचं काम त्या करत. तसं त्यांच्या अर्जातच लिहिलेलं होतं, आणि चेहरा असा शांत होता की ही बाई सुई टोचताना समोरच्याला कळूही देत नसेल. त्यांच्यामागून थोड्या वेळाने त्यांचे यजमान आले. ते लिफ्ट दुरुस्त करणारे. उंच, खांदे किंचित पुढे झुकलेले. दोघं खिडकीसमोर उभे राहिले, तेव्हा मधे तिसरा माणूस आरामात मावेल एवढी जागा सोडून.

"गेल्या सोमवारी आमचे तीस दिवस झाले होते," बाई म्हणाल्या. "आज एकोणतीस."

"असं होणार नाही," बिनचूक म्हणाला.

"झालंय."

"तुम्ही जुना संदेश बघत असाल."

"माझ्याकडेही एकोणतीसच आहे," यजमान बायकोकडे न बघता म्हणाले.

बिनचूकने कळफलक बडवला. पडद्यावर एकोणतीस आले. "बरोबर आहे," तो म्हणाला, "एकोणतीस."

"मग आधीचे तीस?"

"तेही बरोबर होते."

लिफ्टवाल्यांनी थोडा विचार केला. "साहेब, मी वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. खालच्या मजल्यावर कोणी बटण दाबल्याशिवाय लिफ्ट खाली जात नाही. इथे बटण कोणी दाबलं?"

"मधे बुधवारी सुट्टी होती," बिनचूक म्हणाला. "सुट्टी वजा होते."

"ती एक झाली," लॅबवाल्या बाई म्हणाल्या. "बाकीचे पाच दिवस आम्ही काय उपास केला? ते का नाही धरले?"

बिनचूकने कचेरीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य काढलं. "तपासून सांगतो. बसा."

दोघं बाकावर बसले. ते एका टोकाला, त्या दुसऱ्या टोकाला, आणि मधे यजमानांचं हेल्मेट आणि बाईंची पिशवी. ती दोन्ही मात्र एकमेकांना खेटून.

बिनचूकने तपासलं. कसं, तर दोन महिन्यांपूर्वीच्या तारखा घातल्या आणि कॅलेंडरशी पडताळल्या. बरोबर. आणखी दोन घातल्या. बरोबर. डॉक्टरने आजाऱ्याला बाहेर बसवावं आणि धडधाकट माणसाची नाडी बघून 'ठणठणीत' म्हणावं, तसं ते तपासणं होतं. "यंत्रणेत दोष नाही," असं त्याने बाहेर येऊन सांगितलं. "पुढच्या सोमवारी आपोआप ठीक होईल."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मुलांचे ब्रश धूत बसायची. तिला आकड्यांत रस नव्हता.

"पण ते एकाच घरात राहतात अजून?" तिने विचारलं.

"पत्ता एकच आहे. बाई आतल्या खोलीत, तो बाहेरच्या. दोन वर्षं बोलणं नाही म्हणे."

"मग तो मेसेज दोघांना एकदमच येत असेल. एकाच घरात."

"त्याचं काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी काय झालं ते सांग."

पुढच्या आठवड्यात दोन सुट्ट्या आल्या. सोमवारी बिनचूक खुर्चीत टेकतो न टेकतो तोच व्हरांड्यात पावलं वाजली. या वेळी दोघं एकदमच आले होते. बाईंच्या हातातही हेल्मेट होतं, कोरं करकरीत. दुकानाची चिठ्ठी अजून पट्ट्याला लोंबत होती.

"एकवीस," दोघं एका सुरात म्हणाले. मग दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं.

"बसने आले असते तर तुमची जेवणाची सुट्टी झाली असती," बाईंनी उगाचच खुलासा केला. "भांडायचं तर वेळेवर यायला हवं. म्हणून याच्या स्कूटरवर आले."

"आठ दिवस कापले साहेब," लिफ्टवाले म्हणाले. "आम्ही रात्री हिशोब मांडला. म्हणजे हिने मांडला, मी..."

"याने बेरीज चुकवली, मी दुरुस्त केली," बाई म्हणाल्या.

"चुकवली नव्हती. घाईत सात एकासारखा दिसतो."

"तुझा दिसतो."

बिनचूक हे कानांनी ऐकत होता, पण डोळे पडद्यावर होते. एकवीस. पुन्हा केलं, एकवीस. त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. रुसलेल्या पाहुण्याला बाहेर नेऊन परत आत आणल्यासारखं. पाहुणा पुन्हा एकवीसच म्हणाला. इतर अर्जदारांचेही फोन येत होते, पण ते मोठ्या बाई घेत आणि "थोडा धीर धरा" एवढ्यावर मिटवत. खिडकीवर उभे राहून तोंडावर विचारणारे हे दोघंच.

"तुम्हाला कळत नाहीये ना?" बाईंनी मऊपणाने विचारलं. रक्त काढण्याआधी 'भीती वाटते का' असं विचारतात, त्याच आवाजात.

"कळतंय," बिनचूक म्हणाला. "फक्त काय ते कळत नाहीये."

त्या दिवशी ते दोघं तासभर बाकावर बसले. लिफ्टवाल्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, कारण तिचा बंद तुटायला आला होता आणि तो त्यांना बांधायचा होता. बाई बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि त्यांनी बाटली न बघताच शेजारी धरली. शेजारून एक हात आला आणि त्याने बाटली घेतली. खिडकीतून बिनचूकने हे पाहिलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं.

"बाटली परत देताना झाकण लावून दिली का?" तिने विचारलं.

"ते नाही पाहिलं."

"बिनचूक म्हणे," ती पुटपुटली.

त्यानंतर आला तो सुट्ट्यांचा मोठा आठवडा. मंगळवार ते शुक्रवार सलग चार दिवस सगळं बंद. लोक बॅगा भरून गावोगाव गेले. बिनचूकने ते चार दिवस घरात येरझाऱ्या घालत काढले. सोमवारी कचेरीत येऊन त्याने भीत भीत पडदा उघडला. आकड्याच्या आधी एक आडवी रेघ होती. त्याला आधी वाटलं काचेवर काही चिकटलंय. त्याने रुमालाने पुसून पाहिलं. रेघ गेली नाही.

पूर्ण झालेले कामाचे दिवस: वजा एक.

ते दोघं आले तेव्हा गंमत म्हणजे चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या तमाशाचा पुढचा भाग बघायला यावं तसे आले होते. आवाज ऐकून मोठ्या बाईही खोलीतून बाहेर आल्या.

"वजा एकचा अर्थ काय साहेब?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

बिनचूक प्रामाणिक माणूस होता. त्याच्या सगळ्या अडचणी त्यातूनच येत. त्याने खरंखुरं गणित केलं आणि म्हणाला, "या हिशोबाने... तुम्ही अर्ज उद्या करणार आहात."

"म्हणजे आज आमचं काहीच ठरलेलं नाही?"

"कागदोपत्री नाही."

आणि लॅबवाल्या बाई हसल्या. आधी ओठ दाबून, मग खांदे हलायला लागले, मग भिंतीला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पहिल्या दोन खिडक्यांवरची माणसं वळून बघायला लागली. लिफ्टवाले मात्र दुसरीकडे कुठे बघतच नव्हते. अडकलेल्या लिफ्टचं दार हाताने उघडावं आणि आतली माणसं सुखरूप दिसावीत, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"दोन वर्षांनी हसली," ते हळूच म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. जवळ बिनचूकच होता, म्हणून त्यालाच सांगायला लागले. "त्या पहिल्या सोमवारी काय झालं, मी बाहेरच्या खोलीत, ही आत. दोघांचे फोन एकदम वाजले. आतून आवाज आला, 'तुलाही एकोणतीस का?' साहेब, मला आधी कळेचना कोण बोलतंय. घरात दुसरं कोणी नाही, तरी मी मागे वळून बघितलं. दिवसभर मी लिफ्टच्या बोगद्यात एकटा असतो, बोलायची सवय गेली. हिचं म्हणाल तर दिवसभर 'मूठ बंद करा, मूठ उघडा.' घरी येऊन दोघं गप्प. तर मी म्हटलं, 'हो, एकोणतीस.' तेव्हापासून रोज तुम्हाला शिव्या घालतो आम्ही. जेवायच्या आधी सुरू करतो ते भांडी घासून होईपर्यंत."

"दोघं मिळून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"घालायच्या तर सोबतीने घालाव्यात," बाई डोळे पुसत म्हणाल्या. मग एकदम ताठ झाल्या. "पण हे हसण्यावारी न्यायचं नाही. यांची तक्रार कोणाकडे करायची?"

"माझ्याकडे," मोठ्या बाई म्हणाल्या. "लेखी द्या. अर्ज दोघांचा आहे, तेव्हा तक्रारही दोघांच्या सहीने."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. बिनचूक खिडकीच्या आत आणखी थोडा लहान झाला.

त्याच दुपारी एका शाखेतल्या कारकुनाचा फोन आला. "साहेब, पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या पण आम्हीच भरायच्या का? यंदा भरल्या तशा?"

"तुम्ही कोणत्या भरल्या?"

"सगळ्याच की. वर्षभराच्या. तुम्हीच लिहिलं होतं, तातडीने भराव्यात, हयगय चालणार नाही म्हणून. सगळ्या शाखांनी भरल्या."

बिनचूकने सुट्ट्यांचा तक्ता उघडला. प्रत्येक सुट्टी सात ओळींत उभी होती. एक त्याने स्वतः भरलेली, सहा त्या सहा शाखांनी आज्ञाधारकपणे भरलेल्या. संगणकाने बिचाऱ्याने सांगितलं तेच केलं होतं, तक्त्यात जितक्या सुट्ट्या तितक्या वजा. एक बुधवार सात वेळा सुट्टीवर गेला होता.

एकच ओळ बदलायची होती. एक तारीख कितीदाही लिहिलेली असो, ती एकदाच मोज. दहा मिनिटांचं काम. त्याने हात कळफलकावर ठेवले, मग काढून घेतले, आणि संगणक बंद करून घरी गेला.

"आणि दुरुस्त नाही केलंस?" बायकोने विचारलं. ओट्यावर ब्रशांची रांग वाळत होती.

"खरा आकडा एकेचाळीस आहे. दुरुस्त केलं की वजा एकचे सरळ एकेचाळीस होतील."

"मग?"

"मग ते यायचे नाहीत. तक्रार कशाची करणार? सगळं बरोबरच असेल. साठ झाले की एकदाच येतील, शेवटचे." तो ओट्याला टेकला. "आज ती हसली, तेव्हा त्याचं तोंड तू बघायला हवं होतंस."

ती बराच वेळ एकाच ब्रशाचे केस बोटांनी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "त्यांना तू जवळ आणलंस, असं वाटतंय का तुला?"

"नाही." मग, "थोडंसं."

"तू फक्त चुकलास रे. बाकीचं सगळं त्यांनी केलं. उद्या गेल्या गेल्या ते दुरुस्त कर. आणि त्यांना फोन कर. माफी माग, दोघांची."

दुसऱ्या दिवशी त्याने ते दुरुस्त केलं आणि मोठ्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या उठल्या, कपाटातून कॅलेंडर काढलं आणि पुन्हा खिळ्यावर लावलं. त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

मग त्याने बाईंचा नंबर लावला. फोन पुरुषाच्या आवाजाने उचलला.

"हा मॅडमचा नंबर ना?" बिनचूक गोंधळला.

"हो, हो. तिचे हात साबणाचे आहेत. बोला साहेब."

बिनचूकने चूक सांगितली, माफी मागितली. लिफ्टवाल्यांनी "अच्छा, सात वेळा" म्हणून ती शांतपणे ऐकून घेतली. पण माफी दोघांची मागायची, असं बायकोने बजावलं होतं. आणि बाईंची तर अजून राहिली होती. तेव्हा बाईंच्या फोनवर यजमान, तर यजमानांच्या फोनवर बाई, असा हिशोब करून त्याने यजमानांचा नंबर फिरवला. तो बाईंनी उचलला.

"तो कपडे वाळत घालायला गेलाय," त्या म्हणाल्या. "चूक सापडली म्हणे. किती झाले मग खरे?"

"एकेचाळीस."

पलीकडे काही क्षण पाण्याचा आवाज येत राहिला. "बरं," त्या म्हणाल्या. "साठ झाले की कळवा." आणि फोन ठेवला.

पुढचे सोमवार भयंकर शांत गेले. संदेश वेळेवर जात होते, आकडा शहाण्या मुलासारखा पायरी पायरीने वर चढत होता, आणि बाक रिकामं होतं. बिनचूक दर थोड्या वेळाने मान लांब करून व्हरांड्यात बघे. पहिल्या खिडकीवरच्याने विचारलं, "मानेला काही झालंय का?" घरी बायको विचारायची, "आज?" आणि तो "काही नाही" म्हणायचा. शेवटच्या सोमवारी, आकडा एकोणसाठवर असताना, त्याने सुट्ट्यांचा तक्ता उघडला. एक ओळ. एकच नवी सुट्टी घातली तर आणखी एक दिवस मिळतो. त्याने बराच वेळ त्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं, मग मुकाट्याने तक्ता बंद केला आणि दोघांना बोलावणं पाठवलं.

ठरल्या दिवशी ते आले. स्कूटरवरून एकत्रच आले, पण त्यावरून काही ताडता येत नव्हतं. दोघंही गंभीर होते. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, लिफ्टवाल्यांच्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं होतं. मोठ्या बाईंच्या खोलीत दोघांना खुर्च्या दिल्या. बिनचूक फाईल घेऊन दाराशी उभा राहिला. फाईल त्याने छातीशी अशी धरली होती, की जणू आतलं कोणी काढून नेईल.

"साठ कामाचे दिवस पूर्ण झाले आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी स्वतः कॅलेंडरवर मोजलेत. आता शेवटचं विचारते. विचार पक्का आहे?"

पंखा फिरत होता. लिफ्टवाल्यांनी गळ्याजवळचं बटण काढलं.

"मी सांगू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"सांग की. आता बोलायला यायला लागलंय तर सांग."

"आम्हाला अजून थोडे दिवस हवे होते बाई," ते म्हणाले.

"किती?"

ते अडखळले. बायकोकडे बघितलं. तिने फक्त भुवया उचलल्या. मग ते म्हणाले, "मोजायचे नाहीत, असे काही दिवस देता येतात का तुमच्याकडे?"

मोठ्या बाईंनी नियमांचं पुस्तक उघडण्यासाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. "तशी तरतूद नाही," त्या म्हणाल्या. "पण अर्ज मागे घेतलात, तर मग कोणी मोजत नाही."

"एवढं सोपं आहे?" बाईंनी विचारलं.

"इथे सही करायची. दोघांनी."

सह्या झाल्या. सही करताना लिफ्टवाल्यांचं पेन अडकलं, तर बाईंनी आपलं दिलं. दाराशी बिनचूकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण फाईल. काही का असेना, त्याच्या मनात आलं, या दोघांना तिसऱ्या खिडकीची आठवण राहील. जाताना एखादा गोड शब्द बोलतील.

बाई उठल्या आणि सरळ त्याच्यापाशी आल्या. "तुम्ही जाऊ नका. तुमच्याकडेच काम आहे." पिशवीतून त्यांनी दुमडलेले दोन कागद काढले आणि त्याच्या फाईलवर ठेवले. "तक्रार."

"पण... आता?" बिनचूक म्हणाला.

"आता काय? चार संध्याकाळी बसून लिहिलीये. पहिलं पान याचं, दुसरं माझं. मधल्या दोन वाक्यांवरून तर एक अख्खी संध्याकाळ भांडलो. ती काय चुलीत घालू?"

बिनचूकने आपल्या हाताने तक्रारीवर कचेरीचा शिक्का मारला. अर्जदार दोन असले की उत्तराच्या प्रतीही दोन द्याव्या लागत. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "उत्तर दोघांना वेगवेगळं पाठवू ना?"

"एकच पाठवा," बाई म्हणाल्या. "एका घरात दोन कशाला?"

"पण मोठ्या अक्षरात," लिफ्टवाले मागून म्हणाले. "हिला हल्ली जवळचं दिसत नाही."

"मला दिसतं. तुझाच सात एकासारखा असतो."

ते व्हरांड्यातून वाद घालत गेले. स्कूटर सुरू होईपर्यंत आवाज येत होते.

घरी बायकोने तक्रारीची दोन्ही पानं मोठ्याने वाचून काढली. "'आम्ही उभयता, आपल्या कचेरीच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे...' काय सुंदर लिहिलंय रे. अक्षम्य शब्द तिचा असणार."

"मुद्देही बरोबर आहेत," बिनचूक खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने उत्तराचा मसुदा केला आणि मोठ्या बाईंपुढे ठेवला. त्या चष्मा लावून वाचत गेल्या आणि एका ओळीवर पेन्सिलीचं उलटं टोक थांबलं.

"'आपणां उभयतांस पाच वेळा कचेरीत हेलपाटे घालावे लागले, याबद्दल दिलगीर आहे.' पाच? त्या भानगडीसाठी तर तीनदाच आले होते ते."

"त्यांनी तक्रारीत पाच लिहिलंय," बिनचूक म्हणाला.

"अहो, पण खरे तीन आहेत."

"हो," तो म्हणाला. "पण दोघांनी मिळून मोजलेत. असू द्या पाचच."